क्रूझवरचा किड्स क्लब: ऑटिझम, एडीएचडी, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी काय बदलायला हवं?

डेकवरची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी क्रूझवर यूथ स्टाफमध्ये आहे, म्हणजे जहाजावर मुलांचा क्लब असतो ना, तिथे. आता नवीन कॉन्ट्रॅक्टवर जॉइन होतेय आणि आमच्या मॅनेजरने सांगितलंय की विशेष मुलांसाठी क्लबमध्ये काय करता येईल ते लिहून दे. पैसे फारसे मिळणार नाहीत, पण रूटीन बदलायची तिची तयारी आहे.

आत्ता काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी दुपारी ओपन हाऊस असतं, आईबाबा मुलांना घेऊन येतात, फॉर्म भरतात. फॉर्मवर एक ओळ असते, काही विशेष गरज आहे का, हो / नाही. बरेचजण सरळ 'नाही' वर टिक करतात. मग रात्री क्लब गच्च भरलेला, म्युझिक चालू, आणि एखादं मूल टेबलाखाली कान दाबून बसलेलं सापडतं. आमच्यातलं कोणीतरी गडबडतं, आईबाबांना फोन जातो, ते जेवण अर्धवट टाकून पळत येतात, आणि पुढचे सगळे दिवस ते मूल क्लबकडे फिरकत नाही. वाईट वाटतं, पण नेमकं काय करायला हवं होतं तेही कळत नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये यावर एक छोटा व्हिडिओ दाखवतात, बास.

नियम आमच्याकडे असे की गट वयाप्रमाणे, डायपर चालत नाही, एका मुलामागे एक माणूस देता येत नाही आणि पालकांना आत थांबता येत नाही. हे सगळं माझ्या हातात नाही, त्यामुळे त्याच्या आत राहून काय करता येईल ते सांगा. ज्यांची मुलं अशा क्लबमध्ये गेली आहेत त्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडेल, वाईट असले तरी.

लेकाची_आई

क्लबच्या आतल्या बाजूने कोणीतरी हे विचारतंय यातच बरं वाटलं. माझा मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न, तोंडाने मोजकंच बोलतो, बाकी टॅबलेटवर बोलतो.

'नाही' वर टिक का होते ते मी सांगते, कारण मीही केलेली आहे. त्याच्या आधीच्या क्रूझवर (कुठली ते जाऊ दे) प्रामाणिकपणे 'हो' केलं होतं, तर काउंटरवरची मुलगी आत जाऊन सिनियरला घेऊन आली आणि मागे एवढी लाइन लागलेली असताना त्याने विचारलं, "हा मारतो का?" मुलगा माझ्या शेजारी उभा. बोलत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं थोडंच आहे! तेव्हापासून नवरा म्हणतो, काही लिहू नकोस, आधी आत तर जाऊ दे.

तेव्हा तो प्रश्न बदला. हो / नाही विचारलं की आम्हाला ते 'घेणार / नाही घेणार' असंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारा की याला काय आवडतं, शांत कशाने होतो, शू लागली हे कसं सांगतो, आणि बिनसायला लागलं की आधी काय दिसतं. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. माझा पोरगा मेल्टडाऊनच्या (सगळं असह्य होऊन ताबा सुटतो त्याच्या) आधी शर्टाची कॉलर चावायला लागतो. तेव्हाच गर्दीतून बाजूला नेलं तर पाच मिनिटांत ठीक होतो, ते हुकलं की पुढचा तासभर काही खरं नाही. हे मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार, आणि तुम्ही विचारलं नाहीत तर मी कधी सांगणार? आणि हेच प्रश्न सगळ्यांच्याच आईबाबांना विचारा, म्हणजे फॉर्म एकच राहतो आणि कोणाला वेगळं उभं केल्यासारखं वाटत नाही. लाजऱ्या मुलांच्या आयाही खूश होतील.

दुसरं असं की बुकिंगच्या वेळी कंपनीच्या ऑफिसने आमच्याकडून स्पेशल नीड्सचा भलामोठा फॉर्म भरून घेतला होता. जहाजावर गेल्यावर क्लबमध्ये कोणाला त्याचा पत्ताच नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र वेटरला सगळं माहीत. म्हणजे माहिती जहाजावर पोचली होती, क्लबपर्यंत आली नव्हती. तुमच्याकडे प्रत्येक सेलिंगच्या आधी ती यादी येते का, एवढं नक्की बघा.

आणि न्यायला आल्यावर "आज जरा त्रास दिला हं" असं बाकीच्या पालकांसमोर नका सांगू. काय झालं ते सांगा. सात वाजता पार्टीचं म्युझिक लागलं, कान दाबले, कोपऱ्यात बसला, थोड्या वेळाने आपणहून ब्लॉक्स घेतले. एवढं कळलं की मला उद्याचं ठरवता येतं. नुसतं 'त्रास दिला' याचं मी काय करू?

ओटीवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबरच काम. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात टॉयलेटपासून करते, कारण याचा कोणी विचार करत नाही. जहाजावरचे संडास व्हॅक्यूमवर चालतात, फ्लशचं बटण दाबलं की क्षणभर काही नाही आणि मग एकदम कानठळ्या बसवणारा 'फस्स' आवाज. मोठी माणसं दचकतात. आवाजाला संवेदनशील असलेलं मूल तो एकदा ऐकलं की पुन्हा आत जायलाच तयार होत नाही, तीन तास दाबून धरतं, मग चड्डीत होते, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये नोंद होते की टॉयलेट ट्रेन्ड नाही. घरी ते मूल व्यवस्थित जात असतं! उपाय फुकटातला आहे. मूल बाहेर येऊन दार लागलं की मग मोठ्या माणसाने फ्लश करायचा, हे सगळ्या स्टाफला सांगून ठेवा. हात वाळवायचं मशीन असेल तर ते बंद करून कागदी टॉवेल ठेवा. आणि पहिल्या दिवशी क्लब दाखवताना टॉयलेट पण दाखवा, गर्दी नसताना. बहुतेक ठिकाणी बॉल पिट आणि प्लेस्टेशन दाखवतात आणि हे राहूनच जातं.

मग आवाज. हेडफोनच्या चार जोड्या ठेवाच, पण त्याआधी माइक खाली ठेवा. यूथ स्टाफला ते "आवाज नाही आलाऽऽ, अजून जोरातऽऽ" करायची भारी हौस असते. तीस मुलं एकदम किंचाळली की ज्याला ते सहन होत नाही त्याला ती खोली कायमची नकोशी होते. दिवसातून एखादा तास असा ठेवा की म्युझिक बंद, दिवे थोडे कमी, माइक नाही. तो तास कधी आहे ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापा, म्हणजे पालक बरोबर तेव्हा आणतील.

शांत कोपरा. हा स्टाफच्या ऑफिसात नको, स्टोअररूममध्ये नको, दाराजवळ तर अजिबात नको. खेळ चाललाय तो तिथून दिसला पाहिजे, पण अंगावर येता कामा नये. छोटा तंबू, बीनबॅग, भिंतीकडे पाठ. कोणत्याही मुलाने जावं, कोणत्याही मुलाने आपणहून बाहेर यावं. आणि एक पथ्य काटेकोर पाळा, "जा तिकडे जाऊन बस" असं शिक्षा म्हणून एकदाही वापरायचा नाही. एकदा जरी तसं झालं तर तो कोपरा बाद.

तुमचे कार्यक्रम दर अर्ध्यापाऊण तासाला बदलतात, तिथे बरीच मुलं गडबडतात. चित्रांचं वेळापत्रक करा, पण नेटवरची कार्टून चित्रं नकोत, तुमच्याच क्लबमधले फोटो. हे टेबल, ही स्क्रीन, हा गालिचा. एक झालं की ते कार्ड काढून खाली टाकायचं. ज्याला एवढं सगळं एकदम झेपत नाही त्याच्यासाठी दोन चौकोनांचं 'आधी - मग' कार्ड. आधी हात धुवायचे, मग लेगो. बदलायच्या आधी पाच मिनिटं सांगायचं आणि दिसेल असा टायमर लावायचा, वाळूचं घड्याळ सुद्धा चालतं.

शक्य असेल तर जहाजावर यायच्या आधी पालकांना एक छोटी सोशल स्टोरी पाठवा. ही कल्पना अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास मांडली, आता सगळीकडे वापरतात. साध्या वाक्यांत, फोटो लावून: आम्ही लिफ्टने वर जातो, हे क्लबचं दार, इथे ताई माझं नाव लिहिते, मला हातात पट्टा बांधतात, आई बाहेर जाते, आई परत येते. पट्ट्यावरून आठवलं, काही मुलांना मनगटावर काहीही सहन होत नाही. पट्टा सुरक्षेसाठी लागतो हे मान्य, पण घोट्याला बांधता येतो का, बाहीवरून बांधता येतो का ते विचारा. आणि आदल्या दिवशी केबिनमध्ये देऊन ठेवला तर आईबाबा सवय करतील.

राहिलं म्हणजे गोलात बसलाच पाहिजे, डोळ्यांत बघूनच बोललं पाहिजे, हात हलवणं थांबवलं पाहिजे, असले आग्रह सोडा. बाजूला बसून नुसतं बघणारं मूलही सामील असतं.

खवचट_खलाशी

मी जहाजावर होतो, साउंड आणि लाइट्स. (ओटीवाली ताई, माइक खाली ठेवायला सांगितल्याबद्दल माझ्यातर्फे जाहीर आभार.)

आता थोडं कडू. हे सगळं लिहून मॅनेजरला द्याल, ती लॅमिनेट करेल, फोटो काढून ऑफिसला पाठवेल. सहा-आठ महिन्यांनी तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपेल, तिचं त्याच्याही आधी संपेल, आणि येणारा नवा माणूस ती कार्डं कपाटात टाकेल. जहाजावर कुठलीही चांगली गोष्ट माणसाच्या डोक्यात राहते आणि माणूस साइन ऑफ करून जातो. तेव्हा हे हॅन्डओव्हरच्या कागदात घाला, जो पुढच्याला सही करून घ्यावाच लागतो. एका दिवसातही तेच. सकाळी एक शिफ्ट, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. सकाळच्या मुलीला कॉलर चावण्याचं माहीत, रात्रीच्या पोराला नाही. त्या मुलाचा एक पानी कागद डेस्कवर आतल्या बाजूला पाहिजे, आणि निदान एक चेहरा रोज तोच पाहिजे.

आणि बाकीच्या मुलांचं काय हाही प्रश्न आहेच. मोठा मुलगा चिडला आणि छोट्याला ढकललं तर त्या छोट्याच्या आईला कोण तोंड देणार? स्टाफला एकतर्फी झोडपू नका एवढंच.

कामाच्या दोन गोष्टी सांगतो. पोर्ट डेला (जहाज बंदरात असतं त्या दिवशी) बहुतेक लोक उतरून फिरायला जातात, क्लब उघडा असतो आणि आत चार-पाच टाळकी असतात. सी डेला (दिवसभर समुद्रातच असतो तेव्हा) आणि रात्री मरणाची गर्दी. ज्या मुलाला हळूहळू रुळवायचंय त्याला पहिल्या पोर्ट डेला सकाळी बोलवा. हे पालकांना माहीतच नसतं, ते बिचारे पहिल्याच रात्री घेऊन येतात.

पण त्याच पोर्ट डेला क्रू ड्रिल असतं, म्हणजे कर्मचाऱ्यांचा आणीबाणीचा सराव! सात छोटे भोंगे आणि एक लांब, सगळ्या जहाजभर. प्रवाशांचं ड्रिल सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या होतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. २०२० नंतर काही कंपन्यांनी ते फोनवर व्हिडिओ बघून आणि आपल्या मस्टर स्टेशनला (आणीबाणीत जमायच्या जागी) तोंड दाखवून करायची सोय केली, गर्दीत उभं राहणं वाचलं. पण क्रूच्या ड्रिलचा भोंगा क्लबमध्ये बसलेल्या मुलांवर न सांगता येऊन आदळतो. ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथून, वेळ आधी कळते. दहा मिनिटं आधी हेडफोन चढवा, किंवा त्या पालकांना सांगा की साडेदहाला भोंगा आहे, अकराला आणा.

डेकवरची_मास्तरीण

अरे बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! क्रू ड्रिलचं इतक्या वेळा ऐकूनही माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ओटीवाली ताई, फ्लशचं वाचून एक मुलगा आठवला जो दाराशी जाऊन परत यायचा, आम्हाला वाटायचं खेळतोय.

खलाशीबुवा, झोडपत नाहीये कोणी. :) पण बाकीच्या मुलांचं म्हणाल तर ढकलाढकली सगळ्यात जास्त कोण करतं ते मी रोज बघते, आणि त्यांच्या फॉर्मवर काहीच लिहिलेलं नसतं.

एक विचारायचं होतं, भाऊ किंवा बहीण सोबत असेल तर दोघांना एकाच गटात ठेवावं का? आम्हाला ते सोपं पडतं, मूल शांत राहतं.

भावाची_बहीण

यासाठी खास लॉगिन केलं.

मी ती बहीण आहे. आता मोठी झालेय, नोकरी करते, पण लहानपणी आईबाबा आम्हाला क्रूझवर घेऊन गेले होते. माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि तरी त्याला माझ्या गटात ठेवलेलं. स्टाफ खूप गोड होता, खोटं कशाला बोलू. पण दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं, "तुझा दादा काय म्हणतोय गं?", "तू सांग ना त्याला, तुझं ऐकतो तो". मी तिथे एका मुलीबरोबर मोठ्ठा कागदी मासा रंगवत होते, तिचं अर्धं अंग आणि माझं अर्धं, आणि माझं अर्धं कधी पुरंच झालं नाही. ती मुलगी शेवटी दुसऱ्या कोणाबरोबर बसायला लागली. आईबाबांना मी काही बोलले नाही कारण ते दोघं कितीतरी वर्षांनी हातात हात घालून डेकवर फिरत होते, मला दिसत होतं.

त्यामुळे एकत्र ठेवायचं का हे त्या दुसऱ्या मुलाला विचारा. आईबाबांसमोर नाही, एकट्याला. आणि एकत्र ठेवलंत तरी त्याला असिस्टंट करू नका. सुरुवातीला एकदा विचारून घ्या की दादाला काय आवडतं, आम्हाला भारी माहिती असते, आवडतं पण सांगायला. पण त्यानंतर तुमचं काम तुम्ही करा ना. अकरा वर्षांच्या मुलीला सुट्टी असते.

लेकाची_आई

बहीण, वाचून गलबलले गं. माझ्या लेकीला आज रात्री विचारणार आहे.

बाप_माणूस

आमची मुलगी १४ वर्षांची, डाउन सिंड्रोम. वर सगळे लहान मुलांबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो.

बारा पूर्ण झाले की किड्स क्लब संपतो आणि टीन क्लब सुरू होतो, आणि तिथला कारभार वेगळाच. टीन क्लबमध्ये मुलं आपली आपण येतात, आपली आपण जातात, सही-बिही काही नाही. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. आम्ही आपले समजत होतो की लेक क्लबात आहे, आणि लेक तीन डेक खाली आइसक्रीमच्या मशीनपाशी. सापडली, मजेत होती, पण तोवर बायकोचा जीव गेला होता. किड्स क्लबमध्येही जरा मोठ्या मुलांना स्वतःच सही करून बाहेर पडायची परवानगी पालक देऊ शकतात, तर तुमच्या फॉर्मवर ती परवानगी द्यायची नाही म्हणजे काय ते स्पष्ट लिहा, आणि दारावर जो उभा असतो त्याला त्या मुलांचे चेहरे माहीत असू द्या. जीपीएसच्या भरवशावर तर राहूच नका, लोखंडाच्या पोटात ते काही धड चालत नाही.

मग स्टाफने उपाय काढला की हिला लहानांच्या गटात घेतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांत. तिला मुळीच नको होतं! तिला नेलपेंट, कराओके आणि मोठ्या मुलींच्या गप्पा हव्या होत्या, वाचता येत नसलं म्हणून काय झालं. शेवटी टीन क्लबच्या एका पोराने स्वतःहून डोकं चालवलं. आम्हाला म्हणाला की कराओकेच्या वेळी तिला माझ्या हातात द्या, माझ्याच हातून घेऊन जा, मधल्या वेळेची जबाबदारी माझी. ठरलेला एक तास, ठरलेला एक माणूस. तिने रोज तेच एक गाणं म्हटलं आणि चौथ्या दिवशी बाकीची पोरं कोरस द्यायला लागली. त्या पोराने मॅनेजरला विचारलं होतं का ते मी विचारलं नाही.

वकिली_बाणा

नियम माझ्या हातात नाहीत असं मास्तरीणबाई म्हणाल्या म्हणून थोडी माहिती. मॅनेजरशी बोलताना उपयोगी पडेल.

अमेरिकेतल्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजांना तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा, १९९० चा एडीए, लागू होतो, झेंडा दुसऱ्या देशाचा असला तरी. हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' खटल्यात ठरवलं. मात्र सरसकट नाही, जहाजाच्या अंतर्गत व्यवस्थेत फारच ढवळाढवळ होत असेल तिथे कोर्टाने मर्यादाही ठेवलीय. याच कायद्याखाली पाळणाघरांबद्दल अमेरिकी न्याय खात्याचं म्हणणं असं की डॉक्टरांनी केलेलं निदान बघून सरसकट नाकारायचं नाही, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करायचा, पण सेवेचं मूळ स्वरूपच बदलेल अशी मागणी मान्य करायची सक्ती नाही. डायपरबद्दलही तिथे आहे: जे केंद्र लहान मुलांचे डायपर बदलतं त्याला अपंगत्वामुळे गरज असलेल्या मोठ्या मुलाचंही करावं लागू शकतं. एका मुलामागे एक माणूस कायमचा द्या, एवढं मात्र सहसा मागता येत नाही.

आणि मोठ्या कंपन्यांनी यातलं काही काही केलेलं आहे, हे मॅनेजरला दाखवा. रॉयल कॅरिबियनने ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्या ३ ते ११ वर्षांच्या मुलांना वयाऐवजी क्षमतेप्रमाणे गटात बसवायची सोय ठेवलीय, टॉयलेट ट्रेनिंगच्या नियमाला अपवाद ठेवलाय, आणि पालकांशी संपर्कासाठी पेजर किंवा फोन. कार्निव्हलने कल्चरसिटी या संस्थेकडून स्टाफला ट्रेनिंग दिलं आणि जहाजावर सेन्सरी बॅगा ठेवल्या, त्यात हेडफोन, हातात खेळवायच्या वस्तू वगैरे असतं. शिवाय ऑटिझम ऑन द सीज नावाची संस्था आहे, ती आपली प्रशिक्षित माणसं घेऊन नेहमीच्याच क्रूझवर कुटुंबांचे गट नेते, आईबाबांना थोडी मोकळीक मिळावी म्हणून. अर्थात कुठल्या जहाजावर आज काय मिळतं ते बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या, वेबसाइटवर असणं आणि डेकवर असणं यात अंतर असतं.

खवचट_खलाशी

+१, शेवटच्या वाक्याला.

लेकाची_आई

एक राहिलंच. क्लबमध्ये फोन-टॅबलेट आणायला बंदी असते, कॅमेऱ्यामुळे. कारण पटतं, बाकीच्या मुलांचे फोटो निघायला नकोत. पण माझा मुलगा ज्याच्यातून बोलतो तोच टॅबलेट दारात काढून घेतला तर आत तो मुका. आमच्याकडून एकदा तसा काढून घेतला, वर "इथे खेळायला भरपूर गेम्स आहेत" असं समजावलं. यावर काहीतरी करा प्लीज.

ओटीवाली

याला लेखी अपवादच हवा, दारावरच्या माणसाच्या मर्जीवर नको. बोलायचं अ‍ॅप सोडून बाकी सगळं लॉक करता येतं, कॅमेऱ्यावर अपारदर्शक चिकटपट्टी लावा, टॅबलेटच्या मागे 'हा माझा आवाज आहे' असं लेबल. आणि क्लबमध्ये एक साधा लॅमिनेट केलेला चित्रांचा तक्ता कायम ठेवा: पाणी, शू, दुखतंय, नको, अजून, आई, थांबायचंय. चार्जिंग संपलं तर उपयोगी. ज्यांना जहाजावरची भाषाच येत नाही अशी कितीतरी मुलं तुमच्याकडे येत असतील, ती पण वापरतील.

डेकवरची_मास्तरीण

मंडळी, मॅनेजरला सगळं पाठवलं, आज व्हिडिओ कॉल झाला.

फॉर्मचे प्रश्न बदलायला ती लगेच तयार झाली, फक्त छापील फॉर्म ऑफिसचा आहे म्हणून सोबत आमचं एक वेगळं पान जोडणार. ओपन हाऊसच्या आधी अर्धा तास ज्यांना हवा त्यांना रिकामा क्लब दाखवायचा, हेही ठरलं. त्यासाठी आम्हाला जेवण लवकर उरकावं लागणार, टीममधल्या दोघांनी आत्ताच तोंडं वाकडी केलीत. शांत तास पोर्ट डेला सकाळी आणि सी डेला दुपारी जेवणानंतर. ड्रिलची वेळ डेस्कवर लिहून ठेवायची. कागदी टॉवेलला ती म्हणाली की हाउसकीपिंगशी भांडण तू कर.

टॅबलेटचा अपवाद ती वर विचारणार आहे, हो म्हणाली नाही. क्षमतेप्रमाणे गटाचंही तसंच, एक गट खाली-वर चालेल पण त्याहून जास्त नाही, आणि बाप_माणूस यांचं वाचल्यावर मलाही वाटतंय की आधी मुलालाच विचारावं. पालकांना आत थांबू द्यायला ठाम नकार, बाहेरचं मोठं माणूस मुलांमध्ये नको हा बालसुरक्षेचा नियम आहे. दाराबाहेर खुर्ची ठेवायला मात्र हरकत नाही म्हणाली, पहिल्या दिवशी तिथे बसा.

आणि फोन कधी करायचा हे प्रत्येक पालकाशी आधीच ठरवून त्या पानावर लिहायचं, ही माझी स्वतःची भर. काहींना रडलं की लगेच कळायला हवं असतं, काहींना पंधरा मिनिटं प्रयत्न करून मग.

आता एक शेवटचं विचारते. आम्ही कधीकधी मुलांना पूलवर नेतो. मोठ्या मुलाला स्विम डायपर असेल तर?

वकिली_बाणा

अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर सीडीसीच्या (अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या) व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅमचे, म्हणजे जहाजांवरच्या स्वच्छतेचे, नियम असतात, त्यात टॉयलेट ट्रेन्ड नसलेल्यांना पूलमध्ये आणि हॉट टबमध्ये बंदी आहे, स्विम डायपर घातलं तरी. काही जहाजांवर लहानांसाठी वेगळा बेबी स्प्लॅश असतो, तिथेच चालतं. यात कॅप्टनही सूट देऊ शकत नाही, त्यामुळे ही गोष्ट पालकांना बुकिंगच्या वेळीच कळवा, पाण्याच्या कडेला नको.

ओटीवाली

आणि त्या दिवशी अख्ख्या गटाचा पूल असेल तर त्या एका मुलाला क्लबमध्ये एकटं मागे ठेवू नका. पाण्याचं टेबल, बादल्या, स्प्रेच्या बाटल्या, असं काहीतरी डेकच्या सावलीत मांडा. बघा, पूल सोडून निम्मी पोरं तिकडेच येतात की नाही.

बाप_माणूस

आमची तर नक्की येईल. मास्तरीणबाई, तुमचं जहाज कुठलं ते इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुढच्या सुट्टीचं बघतोय.